कमी व्होल्टेजच्या फोनो कार्ट्रिजसाठी शांत स्टेप-अप कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात तबकड्या जपून ठेवणारी घरे अजून पुष्कळ आहेत, आणि त्या पुन्हा ऐकू लागलेल्या मंडळींपैकी काहींनी हौसेने मूव्हिंग कॉइल जातीचे कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या हालचालीचे व्होल्टेज करणारा भाग) घेतले आहे. त्यानंतरची पहिली तक्रार ठरलेली असते: गाणे लहान आवाजात येते, आणि आवाज वाढवला की गाण्याच्या मागून सूं किंवा घूं असे काहीतरी ऐकू येते. मग कोणीतरी महागडा स्टेप-अप सुचवतो. पुढील उत्तरांमागे एकच आग्रह आहे. आपल्या कार्ट्रिजच्या वेटोळ्याचा रोध किती ओहम आहे हे कळल्याशिवाय, आणि आपल्याला ऐकू येते ते सूं आहे की घूं हे ओळखल्याशिवाय, खिशात हात घालू नये.

स्टेप-अप म्हणजे नेमके काय, आणि तो प्रत्येकाला लागतो का?

मूव्हिंग मॅग्नेट जातीचे कार्ट्रिज सर्वसाधारणपणे ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे नेहमीचे फोनो इनपुट तेवढ्याच व्होल्टेजसाठी बांधलेले असते. मूव्हिंग कॉइल जातीत चुंबक स्थिर असतो आणि सुईच्या दांडीवर बसवलेले वेटोळे हलते. हलणारे वजन कमी ठेवायचे असल्याने तारेचे वेढे थोडेच घेता येतात, आणि म्हणून व्होल्टेज ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टपर्यंत खाली येते. हा दहा-वीस पटींचा फरक भरून काढण्यासाठी कार्ट्रिज आणि फोनो इनपुट यांच्या मध्ये जे बसते, तो स्टेप-अप. तो एकतर ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला वीज लागत नाही, किंवा ट्रान्झिस्टरचा हेड-अ‍ॅम्प असतो, ज्याला लागते.

प्रत्येकाला तो लागत नाही. मूव्हिंग कॉइल असूनही जास्त व्होल्टेज देणारी कार्ट्रिजेही मिळतात. डेनॉनचे डीएल-११० हे १.६ मिलिव्होल्ट देते आणि ते नेहमीच्या इनपुटवर सरळ चालते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज मात्र स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरला कधीही जोडू नये. त्याच्या वेटोळ्याचे इंडक्टन्स इतके मोठे असते की ट्रान्सफॉर्मरच्या कमी रोधापुढे वरचे स्वर पार दबून जातात.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर एमसीचे, म्हणजे मूव्हिंग कॉइलचे, बटण आहे. मग वेगळा स्टेप-अप कशाला?

कदाचित मुळीच नको. ते बटण दाबून, नेहमीच्या आवाजावर, नेहमीच्या खुर्चीत बसून ऐकावे. सुई उचललेली असताना खुर्चीपर्यंत काही ऐकू येत नसेल तर प्रश्न मिटला. वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतलाच, तर तो एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) इनपुटला जोडावा आणि बटणही एमएमवरच ठेवावे. ट्रान्सफॉर्मर आणि एमसीचे बटण दोन्ही एकाच वेळी वापरले तर इनपुटवर व्होल्टेज झेपणार नाही इतके येते, कार्ट्रिजवरचा भार, म्हणजे त्याला समोर दिसणारा रोधही चुकतो, आणि आवाज फाटतो.

कार्ट्रिजची कोणती माहिती हाताशी हवी?

दोन आकडे पुरतात: व्होल्टेज आणि वेटोळ्याचा रोध. उदाहरणासाठी दोन परिचित कार्ट्रिजे घेऊ. डेनॉनचे डीएल-१०३, जे १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी तयार झाले आणि आजही बनते, त्याचे व्होल्टेज ०.३ मिलिव्होल्ट आणि रोध ४० ओहम. ऑर्टोफोनच्या एसपीयू घराण्यातील नेहमीच्या कार्ट्रिजचे व्होल्टेज ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास, पण रोध फक्त २ ओहम. व्होल्टेजच्या आकड्यांत फारसा फरक दिसत नाही. रोधात मात्र वीस पटींचा फरक आहे, आणि स्टेप-अपची सगळी निवड त्या फरकावर ठरते. खालची सर्व गणिते मी याच दोन टोकांवर केली आहेत. बाकीची बरीच कार्ट्रिजे यांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

व्होल्टेजचा आकडा वाचताना तो सुईच्या हलण्याच्या कोणत्या वेगाला मोजला आहे तेही पाहावे. बहुतेक उत्पादक ५ सेंटीमीटर प्रति सेकंद हा वेग धरतात, काही ३.५४ धरतात. दुसऱ्या पद्धतीने दिलेले ०.३ मिलिव्होल्ट हे पहिल्या पद्धतीने ०.४२ होतात, म्हणजे तब्बल तीन डेसिबल जास्त.

शांत म्हणजे किती शांत? पूर्ण शांतता शक्य आहे का?

नाही. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची जी अविरत धडपड चालते, तिचे व्होल्टेज त्या रोधाच्या टोकांवर येतेच, मग तो रोध कितीही उत्तम तारेचा असो. ४० ओहमच्या वेटोळ्याचा हा स्वतःचा नॉईज सुमारे ०.८१ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ असतो. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो ०.११५ मायक्रोव्होल्टच्या घरात जातो. ०.३ मिलिव्होल्टच्या सिग्नलपेक्षा हा सुमारे ६८ डेसिबल खाली आहे. २ ओहमच्या एसपीयूसाठी तेच गणित केले तर जवळजवळ ७८ डेसिबल येतात. म्हणजे व्होल्टेज कमी असूनही एसपीयू जन्मतःच डीएल-१०३ पेक्षा शांत आहे.

स्टेप-अपचे काम या मुळातल्या नॉईजमध्ये आपली भर कमीत कमी घालणे एवढेच. किती भर पडली हे डेसिबलमध्ये सांगता येते. दोन डेसिबलची भर उत्तम, चार चालण्यासारखी, दहाच्या पुढे गेली तर उपकरण त्या कार्ट्रिजसाठी चुकीचे.

नागपूरकर हमखास विचारतात की मे महिन्यात ४५ अंशांवर हा नॉईज वाढतो का. वाढतो, पण नगण्य. २० अंशांच्या खोलीच्या तुलनेत तापमानाचा थेट परिणाम एक तृतीयांश डेसिबलच्या आसपास, आणि तांब्याचा रोध साधारण दहा टक्क्यांनी वाढतो त्याचा जवळपास तितकाच. दोन्ही मिळून पाऊण डेसिबल. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या दिवसांत, गाणे बिघडल्यासारखे वाटत असेल तर कारण दुसरे आहे, आणि ते पुढे येईलच.

ट्रान्सफॉर्मर घ्यावा की हेड-अ‍ॅम्प?

या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडतात, पण त्याचे उत्तर बरेचसे अंकगणितात आहे.

एखाद्या फोनो प्री-अ‍ॅम्पच्या, म्हणजे फोनो इनपुटमागच्या सिग्नल वाढवणाऱ्या मंडलाच्या, पहिल्या टप्प्यावर एनई ५५३४ ही जुनी, स्वस्त आणि भरवशाची आयसी आहे असे धरू. तिचा स्वतःचा नॉईज सुमारे ३.५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ असतो. मूव्हिंग मॅग्नेटसाठी तो पुरेसा कमी आहे, पण डीएल-१०३ च्या ०.८१ समोर तो चौपटीहून जास्त आहे, आणि थेट जोडणी केली तर सुमारे १३ डेसिबलची भर पडते. आता मध्ये १:१० चा ट्रान्सफॉर्मर घातला की सिग्नल दहापट वाढून आयसीपाशी येतो, म्हणजेच आयसीचा नॉईज कार्ट्रिजच्या बाजूने पाहता दहापट लहान होतो. त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांचा रोध कार्ट्रिजच्या बाजूने मिळून नऊ ओहम धरला, तर सगळी गोळाबेरीज करून भर दोन डेसिबलच्या थोडी वर जाते. अकरा डेसिबलचा हा लाभ विजेचा एक थेंबही न वापरता मिळतो, आणि ट्रान्सफॉर्मरची प्रतिष्ठा यातूनच आली आहे.

पण हेड-अ‍ॅम्पही आता मागासलेला नाही. एलटी १०२८ सारख्या आयसीचा नॉईज ०.८५ नॅनोव्होल्टपर्यंत खाली आला आहे, आणि डीएल-१०३ बरोबर तिची भर तीन-चार डेसिबल पडते. तोशिबाचा २एसके१७० हा जेएफईटी (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) सुमारे ०.९५ चा, असे चार समांतर जोडले की नॉईज निम्मा होतो आणि भर सव्वा डेसिबलवर येते, म्हणजे वरच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षाही कमी. ४० ओहमच्या कार्ट्रिजसाठी, म्हणून, चांगला हेड-अ‍ॅम्प आणि चांगला ट्रान्सफॉर्मर यांच्यात नॉईजच्या दृष्टीने निवड करण्यासारखे काही उरत नाही. किंमत, जागा आणि कानाची आवड यांवर ठरवावे.

चित्र पालटते ते २ ओहमवर. तिथे कार्ट्रिजचा स्वतःचा नॉईज ०.१८ नॅनोव्होल्ट इतका थोडा असतो की एलटी १०२८ ची भर तेरा डेसिबलांच्या पुढे जाते आणि चार जेएफईटींचीही नऊच्या जवळ. तिथे ट्रान्सफॉर्मरच हवा, आणि तोही कोणताही नव्हे. वर धरलेल्या नऊ ओहमच्या गुंडाळ्या डीएल-१०३ ला जाणवल्याही नाहीत, पण २ ओहमच्या कार्ट्रिजबरोबर त्या एकट्याच सात डेसिबलांहून जास्त खातात. कमी रोधाच्या कार्ट्रिजसाठी जाड तारेची, एखाद-दोन ओहमची प्राथमिक, म्हणजे कार्ट्रिजच्या बाजूची, गुंडाळी असलेला ट्रान्सफॉर्मर लागतो. डेनॉनच्या जुन्या एयू-३२० या ट्रान्सफॉर्मरवर ३ ओहम आणि ४० ओहम अशी निवड करण्याची कळ होती, ती याचसाठी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सात डेसिबल गमावलेला एसपीयूसुद्धा शेवटच्या हिशेबात उत्तम जोडणी केलेल्या डीएल-१०३ पेक्षा शांतच राहतो, कारण त्याची सुरुवातच दहा डेसिबल पुढून होते. तेव्हा हाती असलेला ट्रान्सफॉर्मर आदर्श नाही म्हणून लगेच विकायला काढू नये.

गुणोत्तर किती घ्यावे? जास्त गुणोत्तर म्हणजे जास्त आवाज, असेच ना?

काही मर्यादेपर्यंत. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जितक्या पटींनी वाढवतो, तिच्या वर्गाइतक्या पटींनी तो पुढच्या इनपुटचा रोध कार्ट्रिजसाठी लहान करतो. फोनो इनपुट ४७ किलोओहमचे असते. १:१० च्या ट्रान्सफॉर्मरमधून पाहता ते कार्ट्रिजला ४७० ओहमचे दिसते, १:२० मधून सुमारे ११८ चे, १:३० मधून ५२ चे आणि १:४० मधून जेमतेम २९ चे.

आता डीएल-१०३ चे ४० ओहम आणि समोर दिसणारा हा रोध यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. १:१० ने हाती सुमारे २.८ मिलिव्होल्ट येतात. १:२० ने ४.५ येतात. १:४० ने, गुणोत्तर दुप्पट होऊनही, फक्त ५.१ येतात, आणि त्या बदल्यात कार्ट्रिजवर त्याच्या स्वतःच्या रोधापेक्षाही जड भार पडतो. मी स्वतः सुरुवातीच्या उत्साहात डीएल-१०३ ला फार मोठ्या गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर जोडून महिनाभर ऐकले होते. तबल्याची चाट बोथट झाली होती आणि मी मात्र सुईला दोष देत तिला पुन्हा पुन्हा साफ करत होतो. डीएल-१०३ साठी १:१० सुरक्षित, आणि प्री-अ‍ॅम्पची वाढ कमी पडत असेल तर १:२० पर्यंत जावे.

एसपीयूसाठी हेच गणित उदार आहे. १:२० ने ३.९ मिलिव्होल्ट आणि १:३० ने ५.८ येतात, आणि ५२ ओहमचा भार २ ओहमच्या वेटोळ्याला जडही वाटत नाही. मात्र त्याच्या पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण तबकडीवरचे जोरकस क्षण नेहमीच्या पातळीपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असतात आणि फोनो इनपुटला झेपणाऱ्या व्होल्टेजला सीमा असते.

हिशेबाची सोपी रीत अशी: फोनो इनपुटपाशी ३ ते ५ मिलिव्होल्ट यावेत, आणि कार्ट्रिजला दिसणारा रोध त्याच्या स्वतःच्या रोधाच्या निदान दुप्पट-तिप्पट असावा. हेड-अ‍ॅम्प वापरणारे दहापट धरतात. ट्रान्सफॉर्मरबरोबर इतके काटेकोर राहण्याची गरज नसते.

गुणोत्तर बदलता येत नाही, पण भार बदलायचा आहे. ते शक्य आहे का?

आहे. रेझिस्टर ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे फोनो इनपुटला समांतर जोडावा. १:१० च्या ट्रान्सफॉर्मरवर कार्ट्रिजला सुमारे २०० ओहम दाखवायचे असतील तर बाहेरच्या बाजूस एकूण २० किलोओहम हवेत. ४७ किलोओहमला ३३ किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर लावला की १९.४ किलोओहम होतात, आणि काम भागते. भार उगाच जड करण्याची मात्र हौस नसावी, कारण त्यात सिग्नल घटतो.

माहितीपत्रकात ८० डेसिबल लिहिले आहे. हा आकडा चांगला का?

तो कशाच्या तुलनेत आहे हे लिहिलेले नसेल तर त्याचा उपयोग नाही. ८० डेसिबल ०.५ मिलिव्होल्टच्या सिग्नलला धरून दिले असतील तर डीएल-१०३ साठी तेच साडेपंचाहत्तर होतात आणि ०.२ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजसाठी ७२. शिवाय मोजताना इनपुट शॉर्ट केलेले होते का, हे विचारावे. शॉर्ट केलेल्या इनपुटवर कार्ट्रिजचा स्वतःचा नॉईज येत नाही आणि उपकरणाच्या नॉईज करंटचा परिणामही लपून राहतो, त्यामुळे आकडा गोंडस दिसतो. ए-वेटिंग नावाच्या गाळणीतून मोजले की आणखी काही डेसिबल फुकट मिळतात. इनपुटच्या बाजूने मोजलेला नॉईज नॅनोव्होल्टमध्ये देणाऱ्या उत्पादकावर मी जास्त विश्वास ठेवतो; तो आकडा वरच्या ०.८१ आणि ०.१८ यांच्या शेजारी सरळ ठेवून पाहता येतो.

मला जे ऐकू येते ते स्टेप-अपमुळेच आहे हे कसे ओळखावे?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या प्रश्नापाशीच संपतात. आधी आवाजाची जात ओळखावी. पावसाच्या बारीक सरीसारखा, सर्व स्वर मिसळलेला सूं आवाज हा नॉईज. वरची सगळी चर्चा त्याची होती. एकाच सुरात चालणारी घूं ही मात्र विजेची गुणगुण, म्हणजे हम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ती ५० किंवा १०० हर्ट्झवर असते, आणि त्यात वरचा कर्कश झणझणाट मिसळलेला असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्यांचा डिमर किंवा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर यांच्यावर संशय घ्यावा.

हम इतका त्रासदायक का ठरतो, यालाही कारण आहे. तबकडी कोरताना खालचे स्वर दाबलेले असतात आणि वाजवताना फोनो इनपुट ते पुन्हा वर उचलते. १९५४ साली रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट, जास्त वाढ मिळते. तारेत शिरलेला कणभर हमही स्पीकरपर्यंत सातपट होऊन पोहोचतो.

ओळखण्याची रीत साधी आहे. टोनआर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या, धातूला बोट लावावे, तारा हलवून पाहाव्यात, ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन फिरवून पाहावा. यापैकी कशानेही आवाज बदलला तर तो हम आहे, आणि नवा स्टेप-अप घेऊन तो जाणार नाही. कशानेच बदलला नाही आणि तो सूं असेल, तर मग वरच्या गणितांकडे परत यावे.

उन्हाळ्यात हम वाढतो असे वाटते. हा भ्रम आहे का?

बहुधा नाही, आणि त्याची दोन कारणे आपल्या गावातच आहेत.

पहिले कारण जमिनीखाली आहे. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे, आणि ती उन्हाळ्यात सुकून आकसते व भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो आणि उपकरणांच्या धातूच्या पेट्यांवर गळतीचे व्होल्टेज रेंगाळू लागते. आमच्या घरी दर मे महिन्यात हीच कथा व्हायची. मी प्री-अ‍ॅम्प दोनदा उघडून पाहिला, आणि शेवटी वायरमनने खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावले, तेव्हा घूं निम्म्याहून कमी झाली. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या पुढे असेल तर आधी अर्थिंगचे काम काढावे. हम जावा म्हणून प्लगची मोठी, अर्थची पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने हम कधीकधी जातोही, पण पेटीत वीज उतरली तर ती माणसामधून जमिनीत जाईल. असे कदापि करू नये.

दुसरे कारण कूलर. त्याची मोटर आणि पाण्याचा पंप चुंबकीय क्षेत्र पसरवतात आणि चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् असा ठोका देतात. कूलर आणि टर्नटेबल एकाच बोर्डावर नसावेत, आणि एकाच भिंतीच्या दोन अंगांना तर नकोतच. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी: कूलरच्या दमट हवेत तबकडीवर स्थिर विद्युत कमी साठते, त्यामुळे कोरड्या हवेतली चटचट कूलर चालू असताना कमी होते. फक्त तबकड्यांचे कागदी वेष्टन त्या हवेच्या थेट झोतात ठेवू नये, त्यावर बुरशी धरते.

ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवावा आणि तार किती लांब असावी?

अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर तरी दूर. चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यूमेटल या मिश्रधातूच्या कितीही चांगल्या डबीत असला, तरी स्टेप-अप हा चुंबकीय क्षेत्र पकडणारे यंत्रच आहे. नेहमीच्या आवाजावर, सुई उचलून, त्याला सावकाश फिरवत जावे. एका विशिष्ट कोनात हम एकदम बसतो. तिथे तो कायमचा ठेवावा, मग तो शेल्फावर तिरपा दिसला तरी चालेल.

स्टेप-अपपासून फोनो इनपुटपर्यंतची तार आखूड असावी, अर्ध्या मीटरच्या आत असली तर उत्तम, कारण तिचे कपॅसिटन्स वरच्या स्वरांवर थेट परिणाम करते. टोनआर्मची अर्थची तार स्टेप-अपच्या अर्थच्या स्क्रूला, आणि तिथून एकच तार फोनोच्या अर्थला. दोन वाटांनी अर्थ जोडला की त्या फेऱ्यातून हम येतो.

हेड-अ‍ॅम्पला बॅटरी चांगली की अ‍ॅडॉप्टर?

बॅटरी शांत असते, यात वाद नाही, पण चांगला रेग्युलेटेड लिनियर सप्लायही तितकाच शांत करता येतो. मोबाइलच्या चार्जरसारखे दोन पिनांचे स्विचिंग अ‍ॅडॉप्टर मात्र टाळावेत. त्यांच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडी वीज बाहेरच्या ग्राउंडवर गळते, आणि ०.३ मिलिव्होल्टच्या सिग्नलशेजारी ती थोडी राहत नाही.

वेटोळ्याचा किंवा गुंडाळीचा रोध मल्टिमीटरने मोजावा का?

नाही. मल्टिमीटर मोजण्यासाठी स्वतःचा करंट सोडतो. कार्ट्रिजच्या केसासारख्या तारेला तो धोक्याचा आहे, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याने चुंबकित होऊ शकतो. माहितीपत्रकातला आकडा वापरावा.

करंट इनपुटचे फोनो प्री-अ‍ॅम्प म्हणजे काय?

हे प्री-अ‍ॅम्प कार्ट्रिजचे व्होल्टेज न वाढवता त्याचा करंट घेतात, आणि कार्ट्रिजला समोर जवळजवळ शॉर्ट दिसतो. २ ओहमचे ०.२ मिलिव्होल्टवाले कार्ट्रिज १०० मायक्रोअँपिअर देऊ शकते. डीएल-१०३ फक्त साडेसात. म्हणून हा मार्ग दहा ओहमच्या आतल्या कार्ट्रिजांसाठीच विचारात घ्यावा. त्यांच्यासाठी तो खरोखर चांगला आहे.

स्टेप-अप स्वतः बांधता येईल का?

ट्रान्सफॉर्मरचा तर जरूर बांधावा. स्वीडनची लुंडाल, अमेरिकेची जेन्सन, जपानची हाशिमोटो असे उत्पादक सुटे ट्रान्सफॉर्मर विकतात; एक धातूची पेटी, चार आरसीए सॉकेट, एक अर्थचा स्क्रू आणि नीट सोल्डरिंग, एवढेच काम उरते. पेटी, सॉकेट आणि तार यांसाठी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एक फेरी पुरते. हेड-अ‍ॅम्प बांधणे अवघड नाही, पण २एसके१७० चे उत्पादन थांबून बराच काळ झाला आहे आणि बाजारात त्या नावाचे बनावट तुकडे सर्रास मिळतात. लिनियर सिस्टम्सचा एलएसके१७० त्याच्या जागी चालतो. गेन, म्हणजे सिग्नल किती पटींनी वाढेल ते, ठरवणाऱ्या रेझिस्टरकडेही लक्ष असावे: महाग जेएफईटी घेऊन तिथे १०० ओहम लावले तर तो रेझिस्टर एकटाच १.३ नॅनोव्होल्टचा नॉईज घालतो आणि सगळ्या खर्चावर पाणी फिरते. तिथे पाच-दहा ओहम असावेत.

जोडणी झाल्यावर नेमके काय ऐकून खात्री करावी?

आधी आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून सुई तबकडीच्या सुरुवातीच्या मोकळ्या खाचेत सोडावी. सुई टेकताक्षणी मागचा आवाज स्पष्टपणे वाढला, तर तुमच्या उपकरणांचा नॉईज तबकडीच्या नॉईजखाली आहे, आणि त्याहून शांत स्टेप-अप घेऊन ऐकण्यात काहीच फरक पडणार नाही.

हमसाठी याहून बारीक कसोटी आपल्या संगीतातच आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाची, सावकाश आलापाने सुरू होणारी तबकडी लावावी. त्या पट्टीत तानपुऱ्याची पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर लागते, आणि विजेचा हम असतो १०० वर. हम शिल्लक असेल तर दोघांच्या भांडणातून सेकंदाला साधारण चार वेळा आवाज वर-खाली हेलकावतो, आणि पंचमाची तार किंचित उतरल्यासारखी वाटते. मग तबकडी थांबवून सुई उचलावी, ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवावा, आणि तोच आलाप पुन्हा लावावा.